वही परत करण्यापूर्वी

या खेपेस आत्मचरित्रांविषयीची पत्रे इतकी आली आहेत की इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून सगळी जागा त्यांनाच द्यावी, असे ठरवले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी आत्या ८२ वर्षांची आहे. दोन वर्षे खपून तिने २०० पानी वहीत आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली आणि ती वही मला वाचायला दिली. तिला माझे मत हवे आहे. लेखन प्रांजळ आहे. पण माझ्या आजीविषयी, म्हणजे स्वतःच्या आईविषयी, तिने फार कठोर लिहिले आहे. सहावीनंतर आईने आपली शाळा बंद केली, असे ती लिहिते. आमच्या घरात मात्र शाळा आजोबांनी बंद केली असेच सांगत आले आहेत, आणि मला आठवणारी आजी तर अत्यंत मायाळू होती. वही तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे. तिला काय सांगावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सर्वांत आधी आज संध्याकाळी आत्याबाईंना फोन करा आणि वही पूर्ण वाचून झाली आहे, सविस्तर बोलायला येत्या रविवारी येतो, एवढे तरी सांगा. या वयात प्रथमच लिहिणाऱ्या व्यक्तीला वही दुसऱ्याच्या हाती दिल्यानंतरचा एकेक दिवस जड जातो. तीन आठवड्यांच्या आपल्या गप्प राहण्याचा काही ना काही अर्थ त्यांनी एव्हाना लावला असेल, आणि तो अर्थ आपल्या खऱ्या मतापेक्षा पुष्कळच वाईट असण्याची शक्यता आहे.

आता मताविषयी. आत्याबाईंनी कसे लिहिले आहे हा एक प्रश्न आणि त्यांनी लिहिलेले आपल्याला पटते का हा दुसरा; आपल्या पत्रात हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. आत्याबाईंनी आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागितले आहे, आणि आपण दुसऱ्यापाशी अडून बसला आहात.

दुसऱ्याचा विचार आधी करू. आपण जिच्या मांडीवर बसलात ती आजी उतारवयाकडे झुकलेली, घरात शब्दाला मान असलेली आणि नातवाच्या बाबतीत कसलाही निर्णय घेण्याची जबाबदारी नसलेली स्त्री होती. आत्याबाई ज्या आईविषयी लिहितात ती तिशीच्या आतबाहेरची, सासू-सासऱ्यांच्या घरात चार पोरांचे करणारी, मोठ्या मुलीच्या दोन हातांची गरज असलेली बाई असणार. माणूस एकच असले, तरी तिची ही दोन रूपे पाहणाऱ्यांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही. शाळेचा निर्णय आजोबांचा असेल आणि तो मुलीला ऐकवण्याचे काम आजीच्या वाट्याला आले असेल, असेही शक्य आहे. ओसरीवर ठरलेली गोष्ट माजघरात आईच्या तोंडून कळायची, आणि मुलीच्या स्मरणात दप्तर काढून घेणारा हात राहायचा. हा अर्थात माझा तर्क आहे. तो आत्याबाईंना उत्तर म्हणून ऐकवू नका. त्यांना त्या दिवसाविषयी विचारा.

विचारताना ‘असे नव्हते’ हे शब्द मात्र टाळावेत. ‘आत्या, मला आजी वेगळी आठवते, पण तुझी आई मी पाहिलेलीच नाही, तर त्या दिवसाचे मला अजून सांग,’ असे म्हणता येईल. आणखी एक गोष्ट विचारण्याजोगी आहे. त्यांच्या लहानपणी सातवीच्या परीक्षेला लोक ‘फायनल’ म्हणत, आणि ती पास झालेल्या मुलामुलींना प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी मिळण्याची वाट खुली होत असे. सहावीनंतर शाळा सुटणे म्हणजे ती वाट अवघ्या एका वर्षाने हुकणे होते. वहीतील कठोरपणाच्या मुळाशी हे एक वर्ष आहे का, हे त्यांच्याकडूनच कळू शकेल.

लेखनाविषयी बोलताना ‘छान लिहिले आहेस’ एवढ्यावर थांबू नका, कारण हे वाक्य वही न वाचताही बोलता येते आणि त्यांना ते ठाऊक असते. कोणत्या पानावर आपण थांबलात, कोणता प्रसंग दुसऱ्यांदा वाचलात, कोणत्या ठिकाणी आणखी काही हवे होते असे वाटले, हे पानाचा आकडा देऊन सांगा. समजा विहिरीवर पोहायला शिकल्याचे त्यांनी दोन ओळींत आटोपले आणि लग्नाच्या याद्या तीन पाने लिहिल्या, तर विहिरीविषयी अधिक ऐकायला आवडेल असे सांगावे. याद्या काढून टाका, असे सांगू नये. पहिल्या खर्ड्यात माणूस आधी सोपे असते ते लिहून काढतो आणि अवघड गोष्टीभोवती फिरत राहतो. वाचणाऱ्याला ती गोष्ट ऐकायची इच्छा आहे, एवढे कळले तर पुष्कळदा तो ती लिहितो.

वहीवर पेन्सिलीनेसुद्धा काही लिहू नका. हे आग्रहाने सांगण्याचे कारण माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या एका चुकीत आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी परिचयातील एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या आठवणींची पहिली वही माझ्याकडे दिली होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ते मस्टर लिहीत असत. एका बाईच्या अंगात ताप असताना तिची चार दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून त्यांनी तिची खोटी हजेरी लावली होती, आणि हे त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणाला तरी सांगितले होते. मी त्या पानावरचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून वही परत केली. त्यांनी नम्रपणे आभार मानले. दुसरी वही लिहून झाली आहे असे पुढे त्यांच्या मुलाकडून कळले, पण ती त्यांनी मला दाखवली नाही, आणि मागण्याचा अधिकार मी गमावला होता. शुद्धलेखन महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. परंतु वही छापायला निघेल तेव्हा ते काम करणारी माणसे मिळतात. पहिल्या वाचकाचे काम निराळे असते.

छापण्याचा विषय त्यांनी काढल्याशिवाय आपण काढू नये. मात्र वहीची झेरॉक्स त्यांच्या परवानगीने अवश्य काढून ठेवावी, आणि घरातल्या कोणाकोणाला ती वाचायला दिलेली चालेल, हे नावे घेऊन विचारून घ्यावे. आजीची जी आठवण आपल्यापाशी आहे ती एका वेगळ्या कागदावर लिहा आणि आत्याबाईंची हरकत नसेल तर वहीच्या शेवटच्या पानात ठेवून द्या. पुढे कधी आपली नातवंडे ती वही उघडतील तेव्हा त्यांना दोन्ही आज्या भेटतील. आत्याबाईंची हरकत असेल तर तो कागद आपल्याच कपाटात राहू द्यावा.

प्रश्न : मी ३४ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर आत्मचरित्रे वाचू लागलो आणि अस्वस्थ झालो. सनावळ्या जुळत नाहीत, ऐकीव गोष्टी पाहिल्यासारख्या सांगितलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः दिलेले असतात. अशा पुस्तकांना प्रमाण कसे मानावे? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आपली अस्वस्थता योग्य आहे, आणि ती घेऊनच वाचत राहावे असे मला वाटते. प्रश्न आहे तो ती अस्वस्थता पुस्तकाच्या कोणत्या भागावर खर्च करावी याचा.

आपल्याकडची माणसे सन क्वचितच लक्षात ठेवतात. ती प्लेगचे साल, पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ अशा खुणांना आपले आयुष्य बांधून ठेवतात. लग्न ‘पुरानंतर’ झाले म्हणजे १९६१ च्या जुलैनंतर, एवढे खरे असते. पण ते त्याच हिवाळ्यात झाले की पुढच्या वर्षी, हे काळाच्या ओघात पुसले जाते आणि दोन घटना एकमेकींजवळ सरकतात. शिवाय एखादी आठवण आपण जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा तिला थोडा नवा आकार देतो. ऐकणाऱ्यांनी दाद दिलेला भाग ठसठशीत होतो आणि बाकीचा फिका पडतो. संवादांचेही तसेच आहे. तो शब्दशः वृत्तान्त आहे असा दावा लेखकाचाही सहसा नसतो. त्या माणसाची बोलण्याची ढब त्याला आठवते आणि त्या ढबीतून तो संवाद पुन्हा उभा करतो.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा आपल्या विषयाच्या दृष्टीने उत्तम नमुना आहे. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झांशीला वेढा पडला तेव्हा शहरातच होते. घरी परतल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, साधारण पाव शतकानंतर, त्यांनी ही हकीकत लिहिली. तिच्यात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे, बरोबरच्या माणसांकडून ऐकलेले आहे आणि बाजारातल्या वदंताही आहेत. वेढ्यातल्या शहरात सामान्य माणसाने जीव कसा वाचवला, काय खाल्ले, कोठे दडला, याविषयी ते बोलतात तेव्हा त्यांच्याइतका जवळचा मराठी साक्षीदार दुसरा मिळणे कठीण. राजवाड्यांतील खलबतांविषयी ते बोलतात तेव्हा ते इतरांकडून कळलेले सांगत असतात. इतिहासाच्या शिक्षकाला ही चाळणी लावणे अवघड नाही. ‘हा माणूस त्या वेळी कोठे उभा होता?’ हा एकच प्रश्न प्रत्येक पानावर विचारत गेले की काम होते.

या पुस्तकाची पुढची कथा मला त्याहून अधिक बोलकी वाटते. गोडसे भटजी हे चिंतामणराव वैद्यांच्या घराण्याचे उपाध्याय होते, आणि इंग्रजी अमलाच्या धास्तीमुळे ही हकीकत त्यांच्या हयातीनंतर, १९०७ साली, वैद्यांनी प्रसिद्ध केली. वैद्य स्वतः मोठे इतिहासकार. त्यांनी मजकुरात आपल्या बुद्धीप्रमाणे फेरफार केले, काही गाळले, भाषा नीटनेटकी केली. हेतू चांगलाच होता. परंतु दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली अस्सल पाठ छापला, तोवर ५९ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींच्या तोंडी घातलेले काही शब्द त्यांचेच समजून वाचत होते. आता या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता, त्याला उपयोग व्हावा म्हणून लक्ष्मीबाई टिळक आठवणी लिहू लागल्या आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले पुस्तक उभे राहिले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे त्याची आवृत्ती संपादित केली, तेव्हा त्यांनी स्वतःची माहिती टिपांमध्ये दिली. आजीची वाक्ये आजीचीच राहिली.

माझे मत टिपांच्या बाजूने आहे. सांगणाऱ्याची चूकही त्याच्या सांगण्याचा भाग असते. ती दुरुस्त करायची तर त्याच्या मजकुराशेजारी करावी, त्याच्या मजकुरावर नव्हे. आपल्यासारख्या जाणकार वाचकाने सन आणि स्थळे तपासून एक टिपण तयार करावे व प्रकाशकाकडे पाठवावे. नव्या आवृत्तीच्या वेळी त्याचा खरोखर उपयोग होतो.

सवलतीला मर्यादाही असावी, हे मान्य. एखाद्या पुढाऱ्याने किंवा अधिकाऱ्याने आत्मचरित्रात एखाद्या निर्णयाचे श्रेय स्वतःकडे घेतले असेल, किंवा हयात नसलेल्या सहकाऱ्यावर दोष ठेवला असेल, तर तेथे आठवणीची मृदू चाळणी पुरत नाही. तेथे कागदपत्रे, तेव्हाची वर्तमानपत्रे आणि सभागृहातील कामकाजाच्या नोंदी काढून बसावे. हरवलेला सन आणि सोयीने विसरलेली गोष्ट या दोहोंना एकच माप लावता येणार नाही.

प्रश्न : ‘आहे मनोहर तरी’ मी उशिरा वाचले आणि मन खट्टू झाले. ज्या माणसाने सगळ्या महाराष्ट्राला हसवले त्याच्याविषयी, तो हयात असताना, त्याच्याच पत्नीने असे लिहावे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : सुनीताबाई देशपांडे यांचे हे पुस्तक १९९० साली आले, तेव्हा आपल्यासारखी नाराजी अनेकांनी बोलून दाखवली होती आणि तितक्याच वाचकांनी, विशेषतः स्त्रियांनी, ते उराशी धरले होते. आपण मात्र पुस्तक पूर्ण वाचून मग प्रश्न विचारला आहे, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहिते.

पु. लं.वर आपले प्रेम आहे आणि ते पुस्तक उघडण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. त्यामुळे पानापानावर आपण त्यांनाच शोधत गेलात आणि जेथे ते आपल्या मनातल्यासारखे भेटले नाहीत तेथे दुखावलात. पण पुस्तक त्यांचे चरित्र नाही. बेचाळीसच्या लढ्यात उतरलेली, स्वतःची ठाम मते असलेली एक मुलगी १९४६ साली एका हुन्नरी तरुणाशी नोंदणी पद्धतीने लग्न करते आणि पुढची चार दशके एका अफाट लोकप्रिय माणसाच्या घराचा, व्यवहाराचा, वेळापत्रकाचा भार उचलत असताना स्वतःचे काय झाले, याचा हिशेब मांडते. त्या हिशेबात ती स्वतःलाही सोडत नाही, हे आपल्या पत्रात कोठे आलेले नाही. पुन्हा वाचण्याची तयारी असेल तर या वेळी सुनीताबाईंनी स्वतःवर घेतलेल्या दोषांपाशी थांबत जा.

पतीविषयी लिहिण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. नाव घ्यायचे नाही, आणि ‘ते’ म्हणणेही अपुरे वाटावे, अशा आदरातून तो शब्द आला आहे. सुनीताबाईंचा सूर त्यापासून फार दूरचा वाटतो, पण रमाबाईही शिकत असताना घरातल्या बायकांनी दिलेला त्रास स्पष्टपणे सांगतातच. महर्षी कर्व्यांच्या घरातली तर तीन कथने आपल्याला उपलब्ध आहेत : अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे, मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. अण्णांच्या पुस्तकात संस्था उभी राहताना दिसते. बायांच्या पुस्तकात ती उभी राहत असताना घर कसे चालले ते दिसते. ‘माझे पुराण’ वाचल्यामुळे माझ्या मनातले अण्णा लहान झाले नाहीत. त्यांच्या कामाची किंमत आणखी कोणी मोजली हे मात्र कळले, आणि ते कळल्यावाचून त्या कामाविषयी बोलणे अर्धवट राहिले असते.

हयात माणसाविषयी लिहावे का, हा आपला मूळ प्रश्न उरतो. मला वाटते की ज्याच्याविषयी लिहिले तो उत्तर देऊ शकतो अशा काळात लिहिणे हे मागाहून लिहिण्यापेक्षा अधिक सरळ आहे. पु. ल. त्यानंतर दहा वर्षे होते.

प्रश्न : माझी आजी लिहू-वाचू शकत नाही, पण ती फार सुंदर सांगते. मी तिचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून लिहून काढत आहे. तिची बोली सीमाभागातली, कानडी शब्द मिसळलेली आहे. ते प्रमाण मराठीत आणावे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आणू नये. आजींचे वाक्य जेथे संपते तेथेच पूर्णविराम द्या, कानडी शब्द तसेच ठेवा आणि जो शब्द पुण्या-नागपूरच्या वाचकाला कळणार नाही त्याचा अर्थ पानाच्या तळाशी द्या. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे १९७० सालचे पुस्तकही सांगितलेलेच आहे. त्याचे शब्दांकन अरुण साधूंनी केले होते, आणि शब्दांकन करणाऱ्याने मागे उभे राहणे म्हणजे काय हे त्यात पाहण्यासारखे आहे. सांगणारी बाई समोर बसली आहे असेच वाचताना वाटत राहते. एक पथ्य पाळावे. लिहून झालेला प्रत्येक भाग आजींना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्या ‘हे नको’ म्हणतील तेथे कारण न विचारता तो काढा. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण आवाजातले थांबणे कागदावर येत नाही.

प्रश्न : आत्मचरित्र वाचून लेखकाला पत्र लिहावेसे वाटते, पण तो आगाऊपणा होईल अशी भीती वाटते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : अवश्य लिहा. पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवले तर ते पोहोचवण्याची पद्धत अजून टिकून आहे. एका पानाचे असावे, पुस्तकातील एखाद्या नेमक्या जागेविषयी असावे, आणि लेखकाने न लिहिलेली खाजगी गोष्ट विचारणारे नसावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील वाचन मंडळात आम्ही दया पवारांचे ‘बलुतं’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दलित आत्मकथने वाचली. चर्चेच्या वेळी मला रडू आले. त्यावर एक मैत्रीण शांतपणे म्हणाली की तुझ्या रडण्याने आम्हांला काय मिळते. ती दलित आहे, मी नाही. तेव्हापासून मी चर्चेत बोललेलेच नाही. अशी पुस्तके वाचून माझ्यासारखीने काय म्हणावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : रडू आले यात लाजण्यासारखे काही नाही, आणि मैत्रिणीचे बोलणेही रास्त आहे. चर्चा त्या पुस्तकांची होती आणि तुमचे अश्रू आल्यानंतर ती काही काळ तरी तुमची झाली असेल. तिला बहुधा एवढेच सुचवायचे होते. गप्प राहणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्यामुळे मंडळातले सगळे बोलण्याचे ओझे पुन्हा तिच्यावरच पडते.

‘बलुतं’ची रचना आठवून पाहा. १९७८ साली आलेल्या या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या शिकलेल्या, लेखक झालेल्या माणसाला सांगतो, आणि ती दोन्ही माणसे एकच आहेत. म्हणजे त्या कहाणीचा पहिला श्रोता स्वतः लेखकच आहे आणि तोही ऐकताना अवघडलेला आहे. झाकलेले उघडे कशाला करायचे, अशी विचारणा दलित आत्मकथने लिहिणाऱ्यांना घरातून आणि समाजातूनही झाली. इतक्या अडचणीतून जे सांगितले गेले ते ऐकताना घाईघाईने आपली भावना मध्ये आणू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शिवाय या पुस्तकात केवळ दुःख नाही. मुंबईतल्या कावाखान्याची वस्ती, तिथली नाना तऱ्हेची माणसे, त्यांचे धंदे, भांडणे, गाणी, गावाकडचे नातेवाईक, तरुणपणचे आकर्षण आणि अपराधीपणा हे सगळे त्यात आहे. वेदना शोधायला निघालेल्या वाचकाला वेदना सापडते आणि बाकीचे त्याच्या हातून निसटते. पुढच्या वाचनात लेखकाची नजर कोठे खेळकर होते, कोठे तो स्वतःवर रागावतो, एखादे माणूस तो चार ओळींत कसे उभे करतो, हेही पाहा. इतर कोणत्याही चांगल्या लेखकाला आपण जी दाद देतो ती दया पवारांनाही मिळायला हवी, आणि अश्रूंच्या भरात ती बऱ्याचदा द्यायची राहून जाते.

बेबीताई कांबळे यांच्याविषयी थोडे अधिक सांगते. फलटणला छोटे दुकान आणि संसार सांभाळून त्यांनी हे लेखन नवऱ्याच्या नजरेआड केले आणि कितीतरी वर्षे ते लपवून ठेवले. फलटणलाच स्थायिक झालेल्या मूळच्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते कळले, त्यांनी ते वाचले, छापण्याविषयी धीर दिला, आणि १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः येऊ लागले. पुस्तक १९८६ चे. आता पुस्तकाचे नाव पाहा : जिणं ‘आमुचं’. त्यात ‘आम्ही’ हा शब्द ‘मी’पेक्षा मोठा आहे. स्वतःच्या संसारातल्या मारझोडीविषयी बेबीताई पुढे एका मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्यांनी आपल्या खाजगी दुःखाला फारच थोडी जागा दिली आहे, आणि सासुरवास सोसणाऱ्या, अर्धपोटी बाळंत होणाऱ्या, बाबासाहेबांचे शब्द ऐकून मुलांना शाळेत धाडणाऱ्या साऱ्या महार स्त्रियांची हकीकत सांगितली आहे. त्यामुळे ‘बिचाऱ्या बेबीताई’ ही प्रतिक्रिया त्यांच्या पुस्तकाला लागूच पडत नाही. त्या एका व्यवस्थेविषयी बोलत आहेत, आणि त्या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी घरे होती.

तुमच्या बोलण्याची जागा मला तेथे दिसते. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. तो देणारी घरे गावोगाव होती, आणि तुमचे आजोळ किंवा मूळ गाव त्यांपैकी असू शकेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या खळ्यावरून कोणाला किती धान्य जायचे, ते कोणाच्या हातून आणि किती अंतरावरून दिले जायचे, त्याबदल्यात कोणती कामे करून घेतली जायची, पाणवठे किती होते, ही पद्धत आपल्या घरी कोणत्या वर्षी थांबली आणि का थांबली. काही प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. काही ठिकाणी विषय बदलला जाईल, तर त्याचीही नोंद करा. लेखकाने खळ्याच्या एका बाजूने पाहिलेली गोष्ट तुम्हांला तुमच्या घराच्या बाजूने लिहून काढता येईल, आणि तसे लिहिलेले दोन पानांचे टिपण घेऊन मंडळाच्या पुढच्या बैठकीला गेलात तर बोलण्यासाठी तुमच्यापाशी स्वतःचे असे काही असेल. बैठकीआधी ते त्या मैत्रिणीला वाचायला द्यावे, असे मला वाटते. ती काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. पण ती बोलू लागली तर तिचे पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्या आणि टिपणात बदल करावासा वाटला तर तो करूनच बैठकीला जा.